देवक नारिंग

“हिची आई कोण?” साहेब विचारत होता, आणि दत्ताजीराव खराडे एकदा काळ्या-पांढऱ्या गाईकडं, एकदा साहेबाकडं बघत होते.

“बाप सांगतो की,” ते सुनेला म्हणाले. “डेअरीच्या डॉक्टरनं बापाचा कागद दिलाय. आईचं कोण लिहून ठेवतंय?”

वैजयंतावहिनींनी ते इंग्रजीतून सांगितलं. साहेब हसला. हातातल्या फळीवरच्या कागदावर त्यानं नारिंगी पेन्सिलीनं एक खूण केली आणि म्हणाला, आमच्या देशात गाईची वही आईपासून धरतात.

“घ्या!” दत्ताजीराव आमच्याकडं वळले. “लगमाण्णा, तुझा भाऊबंद आलाय बघ हॉलंडातनं. गाईंचा हेळवी!”

आम्ही नुकतेच त्यांच्या अंगणात शिरलो होतो. त्र्याऐंशी सालची पौषातली सकाळ. अंगणात शेणसड्याचा ओला वास, परड्यात हरभऱ्याच्या पेंढ्या. शिंगांना गोंडे बांधलेल्या बैलावर माझा बाप लगमाण्णा, म्हणजे आप्पा, कासरा माझ्या हातात, आणि मागं वहीचं गाठोडं खांद्यावर घेतलेला माझा चुलतभाऊ भरमूदादा.

आम्ही हेळवी. लोकांच्या कुळांची नावं सांभाळायची हे आमचं काम. सुगी झाली की बैल सजवायचा, ज्यांची कुळं आपल्याकडं आहेत त्यांच्या दारात जायचं, बैलावर बसूनच त्यांच्या वाडवडलांची नावं चालीत म्हणायची आणि नव्यानं जन्मलेल्यांची नावं वहीत घालायची. मग घरची बाई सुपातून जोंधळा आणते, म्हणणाऱ्याच्या उपरण्यात ओतते आणि पाया पडते. त्या दिवशी पाया पडून घेणारा माणूस तिच्या सगळ्या पूर्वजांच्या वतीनं उभा असतो.

आप्पाची ती शेवटची फेरी होती. दोन वर्षं त्याचा घसा धरलेला. खराड्यांचं घर झालं की गावाबाहेरच्या फाट्यावर वही भरमूदादाला द्यायची आणि त्यानं तिथूनच एस्टीनं आपल्या गावी जायचं, असं ठरलं होतं. वही मुलाकडं जाते. आप्पाला मुलगा नव्हता. माझ्या पाठचे दोघं जगले नाहीत.

मला एकोणीस कुळं तोंडपाठ होती. भरमूदादाला साडेतीन. अर्धं कुठलं, असं विचारलं की तो म्हणायचा, “खालनं वर म्हणतो बघ, वरनं खाली यायला लागलं की पाय घसरतोय.”

त्याच आठवड्यात नदीवर बैल धुताना मी आप्पाला एकदा विचारून बघितलं होतं. “वही मला दिली तर?”

आप्पानं बैलाचं शिंग घासायचं थांबवलं नाही. “शिवा,” तो म्हणाला. माझं नाव शिवकांता, पण तो शिवाच म्हणायचा. “तू उद्या दुसऱ्याच्या वहीत जाणार, बाळा. वहीत जाणाऱ्याला वही कशी द्यायची?”

मी पुन्हा विचारलं नाही.

वहीत लेकीची ओळ असते, नाही असं नाही. ‘लेक दिली अमक्या गावाला,’ एवढीच. नावही नसतं. पुरुषाचं मात्र नाव असतं आणि नावाखाली एक छोटी पणती काढलेली असते. मुलगा असेल तर पणतीवर ज्योतीची रेघ. नसेल तर नुसतीच पणती. म्हणता म्हणता तशी पणती आली की आप्पा क्षणभर थांबायचा, “दिवा शांत” म्हणायचा आणि भावाच्या वेलाकडं वळायचा. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, हा पहिला नेम. खोडलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो म्हणे.

शेवटच्या पानावर आमचंच कूळ होतं. आप्पाच्या नावाखाली रिकामी पणती होती, त्यानंच काढलेली. आई गेली त्या वर्षी काढली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. शेजारी बसून दौत मीच धरली होती.

तर त्या सकाळी आप्पानं खराड्यांचं कूळ सुरू केलं. साहेब फळी बाजूला ठेवून उकिडवा बसला. सहा फुटांचा माणूस, गुडघे कानाला लागलेले. त्याचं नाव हेंड्रिक काहीतरी होतं. गावानं पहिल्याच दिवशी त्याचा हेंद्रे करून टाकला होता, आणि नांगनूरच्या हेंद्र्यांपैकी का, असं त्याला दोघांनी विचारलंही होतं म्हणे. संकरित गाई बघायला तो पंधरा दिवस गावात होता.

बाराव्या पिढीला आप्पाचा आवाज फाटला. ओठ हलत होते, नाव बाहेर येईना.

“संताजीच्या पोटी येसाजी,” मी खालून हळूच म्हटलं.

“तू गप गं,” भरमूदादा माझ्या कानाशी म्हणाला. “आप्पा सांगत्यात की.”

“मग पुढचं तू सांग.”

“माझी गाडी हितनं खालनं वर जाती.”

आप्पानं खाकरून येसाजी उचलला आणि सोळाव्या पिढीला आणून सोडला. वहिनींनी सूप आणलं, जोंधळा त्याच्या उपरण्यात आणि तिथून गाठोड्यात पडला. तेवढ्यात हेंद्रेसाहेब उठला, खिशातून घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद काढला आणि दोन्ही हातांवर पसरून आप्पापुढं धरला.

कागदावर एक झाड होतं. फांद्यांना बारीक बारीक नावं, आणि मध्ये मध्ये नारिंगी पेन्सिलीनं रंगवलेली फळं.

“हे म्हणतात,” वहिनी म्हणाल्या, “हे त्यांच्या देशाच्या राजघराण्याचं आहे. लहानपणापासून त्यांनी स्वतः जमवलंय. हे तुम्हाला म्हणून दाखवता येईल का?”

“राजाचं कशाला? त्यांच्या घरचं सांगा म्हणावं. तेच म्हणतो.”

वहिनींनी विचारलं. साहेब कागदाकडं बघत थांबत थांबत बोलला. वहिनींनीही मग सावकाश सांगितलं, “त्यांचा देश समुद्राच्या पातळीखाली आहे. बांध घालून राहतात. हे आठ वर्षांचे असताना एका रात्री बांध फुटला. घर गेलं, माणसं गेली, कागद गेले. आजोबांच्या पलीकडची नावं सांगायला कोणी उरलं नाही. मग ज्या परक्या घरात ठेवलं होतं, तिथं भिंतीवर राजघराण्याचं कॅलेंडर होतं. त्यातली नावं पाठ करत हे झोपायचे. म्हणतात, हे झाड पाण्यानं नेलं नव्हतं.”

आप्पा बैलावरून खाली उतरला. हेळवी दारात खाली उतरत नाही. त्यानं साहेबाच्या हातातला कागद घेतला, कपाळाला लावला आणि परत बैलावर चढला.

“शिवा, दादाकडची वही दे. कोरं पान.” मग साहेबाकडं वळून, नव्या कुळाला विचारायचे ते प्रश्न त्यानं विचारले. “मूळ गाव?”

“ओरांज,” साहेब म्हणाला.

“म्हणजे नारिंग,” वहिनी म्हणाल्या. “गावाचंच नाव आहे ते, फळावरून नाही असं म्हणतात. पण लोक आता नारिंगी रंगच मिरवतात. राणीच्या वाढदिवसाला सगळा देश नारिंगी कपडे घालतो.”

“मग देवक नारिंग.” आप्पानं लिहूनसुद्धा टाकलं. आपल्याकडं कुळाचं देवक म्हणजे झाड, पान, काहीतरी असतंच. त्याला कोणी दुखवत नाही. “म्हणजे नारिंग खात नसतील.”

वहिनींनी विचारलं आणि स्वतःच पदर तोंडाला लावला. “रोज सकाळी रस काढून पितात म्हणे.”

“देवक पित्यात?” आप्पाचा हात थांबला. “राजाला काय कमी हाय व्हय, आं? दुसरं फळ न्हाई मिळत?”

दत्ताजीराव खदखदून हसले. साहेबाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

वेल सरळ नव्हता. कुळाच्या मूळपुरुषाचा, थोरल्या विल्हेमाचा, वंश दीडशेएक वर्षांनी संपला होता आणि कुळाचं नाव भावाच्या घराकडं गेलं होतं. साहेबाला वाटलं हे समजवायला अवघड जाईल. आप्पा म्हणाला, “त्यात काय. थोरल्याच्या दारातला दिवा गेला की धाकल्याच्या दारातनं पेटवून आणायचा. ह्या खराड्यांच्यात दोनदा झालंय.” दत्ताजीरावांनी मान डोलावली.

मग राजे आले. आप्पानं डोळे मिटले, मान जरा तिरकी केली आणि चाल धरली:

“समुद्राखालचा मुलूख, दर्याला बांध,
नारिंगाच्या कुळाचा ऐका हो छंद.
पहिला राजा विल्हेम, विल्हेमाच्या पोटी
विल्हेम, त्याच्या पोटी…” तो थांबला. डोळा उघडून कागदाकडं बघितलं. “परत विल्हेमच?”

“विल्हेमच,” वहिनी म्हणाल्या.

“आजाचं नाव नातवाला ठेवत्यात. हितं बापाचंच पोराला? जेवाय हाक मारली की तिघं येत असतील.”

“त्या घरात ताटं बी तीनच असतील,” भरमूदादा म्हणाला.

“ह्या तिसऱ्या विल्हेमाला ल्योक किती?”

“तीन.”

“जगलं किती?”

साहेबानं तीन बोटं वर केली आणि एकेक मिटत नेली.

आप्पानं “च् च्” केलं. तिसऱ्या विल्हेमाच्या नावाखाली काळ्या शाईनं पणती काढली. नुसती पणती. मग वही मिटून आवाज खाली आणला आणि म्हणाला, “दिवा शांत.” आणि उपरणं झटकून खाली उतरायला लागला.

“नो, नो!” साहेब उभाच राहिला. कागदाचा वरचा भाग आप्पाच्या डोळ्यांपुढं नाचवायला लागला. वहिनींना त्याच्या बोलण्याचा वेग झेपेना. “थांबा, म्हणतात. संपलं नाही. राजाला एक मुलगी होती. विल्हेमिना. दहा वर्षांची.”

“असंल की. दिली कुठं?”

“दिली नाही. ती राणी झाली.”

“ते कळलं. पण दिली कुठं? कुठल्या गावाला?”

“कुठंच नाही, आण्णा. वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. मोठी होईपर्यंत आईनं राज्य बघितलं. मग हिनं. पन्नास वर्षं.”

“आणि जावई?”

“जावई तिथं आला.”

“घरजावई!” दत्ताजीरावांनी मांडीवर थाप मारली. 

“तिला एकच मुलगी, जुलियाना. तीही राणी. तिला चार मुली. थोरली बियाट्रिक्स, ती आत्ताची राणी. आणि कुळाचं नाव तेच. नारिंग.”

आप्पा बैलावरून अर्धा उतरलेला तसाच राहिला. “लेकीच्या पोटी लेक, तिच्या पोटी लेक,” तो पुटपुटला. “आणि कूळ तेच?”

“तेच.”

त्यानं वही उघडली. शाई वाळली होती. त्या रिकाम्या पणतीकडं तो बघत राहिला आणि मला दिसलं, आपला आप्पा घाबरलाय. जित्या घराचा दिवा त्यानं विझवला होता, त्या घराची नावं जपणाऱ्या माणसासमोर. आणि खोडता येत नव्हतं.

“म्हणा ना पुढं,” साहेब त्याच्याकडं बघून म्हणाला. हे मात्र मराठीत. पंधरा दिवसांत तेवढं शिकला होता.

आप्पानं चाल धरली. “विल्हेमाच्या पोटी… विल्हेमि…” आवाज फुटला. पुन्हा धरली, पुन्हा त्याच जागी अडला. “घशाचं न्हाई हे,” तो हळूच म्हणाला. “चालीतच बसंना. आमच्या चालीत लेकीला पुढं वाट न्हाई. लेक आली की चाल संपती.”

गाईनं शेपूट आपटली. साहेबानं कागदाची घडी घालायला घेतली, आधी अर्धी, मग पाव. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. आठ वर्षांच्या पोराचा चेहरा होता तो.

मी काही ठरवलं नव्हतं. कासरा हातात होता, बैलाच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर हात होता, आणि ती पोळी घासताना जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरायला लागला. आईनं जात्यावर मला एक चाल दिली होती. तिच्यात बाप लागत नाही. तिच्यात आई, लेक, बहीण, नणंद सगळ्या ऐसपैस बसतात. मी खाली बघूनच म्हटलं:

“तीन पुत्र गेले, राजा बसे उंबऱ्यात,
दहा वर्साची गं लेक, दिवा लावी देव्हाऱ्यात.”

“शिवे!” भरमूदादा दबक्या आवाजात ओरडला. “दारात उभी ऱ्हाऊन बाईमाणूस कूळ म्हणतंय व्हय? आप्पा, सांगा की हिला.”

आप्पानं मान जरा तिरकी केली.

“विल्हेमिना बाई, तिच्या पोटी जुलियाना,
समुद्राच्या देशी, एका लेकीचा खजिना.”

वहिनी एकीकडं साहेबाला सांगत होत्या, पण नावं आली की त्याला सांगावं लागत नव्हतं. घडी घातलेला कागद त्यानं छातीशी धरला होता.

“जुलियानाच्या लेकी, चार कोनाड्यांत चार,
थोरल्या बियाट्रिक्सनं, तोलला कुळाचा भार.”

संपलं. मी बैलाकडंच बघत होते.

वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या त्या सूप घेऊन. आप्पानं सवयीनं उपरणं पुढं केलं. त्या त्याच्यापुढून गेल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

“पदर धर,” म्हणाल्या.

मी आप्पाकडं बघितलं. तो बैलाच्या शिंगाकडं बघत होता.

“धर की गं. हात दुखतोय माझा.”

मी पदर धरला. जोंधळा पडला आणि खराड्यांची शिकलेली सून, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, माझ्या पायाला हात लावायला वाकली. दत्ताजीराव काहीतरी बोलणार होते. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

“साहेब,” आप्पा एकदम म्हणाला. “ती तुमची पेन्सिल द्या.”

साहेबानं दिली. आप्पानं वही मांडीवर घेतली आणि तिसऱ्या विल्हेमाच्या खालच्या काळ्या पणतीवर नारिंगी पेन्सिलीनं एक बारकी रेघ ओढली. साळीच्या दाण्याएवढी. मग पान वळवून साहेबाला दाखवलं.

“खोडलं न्हाई,” तो म्हणाला. “लावली.”

वहिनींनी त्याचं इंग्रजी केलं नाही. साहेबानं पेन्सिल परत घेतली नाही.

फाट्याच्या वाटेला लागलो. जोंधळ्याचं गाठोडं माझ्या पाठीवर, वहीचं भरमूदादाच्या. तो चार पावलं पुढं चालत होता. वाईट माणूस नव्हता तो. दुखावला होता.

फाट्यावर चिंचेखाली आप्पा उतरला. “वही आण,” म्हणाला. भरमूदादानं गाठोडं दिलं. आप्पा आमच्याकडं पाठ करून मैलाच्या दगडावर बसला. त्याची कोपरं हलत होती तेवढी मला दिसली. मग त्यानं गाठोडं पुन्हा बांधलं, नीट, दोन गाठी मारून, आणि भरमूदादापुढं धरलं.

ठरलं होतं तेच होत होतं.

“घे,” आप्पा म्हणाला. “पण आदी शेवटचं पान बघ. मग तुला पटलं तर ने.”

लांब वळणावर एस्टीची धूळ दिसत होती. भरमूदादानं गाठी सोडल्या. तो अक्षर लावून लावून वाचायचा. शेवटच्या पानावर त्याचं बोट एका नावाखाली एक असं उतरत गेलं, आमच्या पणज्याखाली, आज्याखाली, आणि आप्पाच्या नावाखाली येऊन थांबलं. बराच वेळ थांबलं. एस्टी आली, थांबली. कंडक्टरनं “येणार का?” म्हणून विचारलं. दादानं मान वर केली नाही. घंटी वाजली, एस्टी गेली.

“आप्पा,” तो शेवटी म्हणाला, “हे आदी केलं असतंसा, तर साडेतीन कुळं पाठ करायचा माझा तरास तरी वाचला असता.”

त्यानं वही मिटली, गाठोडं बांधलं, माझ्याजवळ आला आणि माझ्या हातातला कासरा ओढून घेतला.

“सोड,” म्हणाला. “वही धरणाऱ्यानं बैल धरायचा नसतोय.”

गाठोडं माझ्या कवेत आलं. मी ते तिथं उघडलं नाही. घरी आल्यावर, चूल पेटवायच्या आधी उघडलं. दहा वर्षांची असताना दौत धरून बघितलेली ती काळी पणती तशीच होती, तिच्यावर साळीच्या दाण्याएवढी नारिंगी रेघ होती, आणि खाली आप्पाच्या अक्षरात एकच शब्द होता. शिवकांता. गावाचं नाव नव्हतं.

पुढं मी दुसऱ्याच्या वहीत गेले, पण माझी वही घेऊन गेले. आप्पा आणखी तीन वर्षं होता. भरमूदादा बैल गेला तोवर माझ्याबरोबर फिरला आणि अजूनही मी एखाद्या नावाशी अडले तर खालून वर सांगतो. एकदा वैजयंतावहिनींनी निरोप धाडला होता, हेंद्रेसाहेबाचं पत्र आलंय, राणीच्या थोरल्या मुलाच्या घरी पुन्हा थोरली मुलगीच झालीय. मी ते पान काढलं आणि नाव घातलं.

बाकीच्या पानांवर रिकाम्या पणत्या पुष्कळ होत्या. ज्या दारात तशी पणती यायची, तिथं मी आता थांबत नाही. विचारते, “लेक कुठं हाय?” आधी लोक बावरतात. मग कोणी म्हातारी आतून सांगते, “अगं, आमच्या आत्याची मुलगी की, निपाणीला असती.” मी नाव विचारते.

पेन्सिल आता नखाएवढी उरली आहे.